औषधाने झोपवलेल्या शरीराला तापाचं कारण विचारू नका

बेळगाव जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना खुलं पत्र

मा. जिल्हा आरोग्य व कुटुंब कल्याण अधिकारी, बेळगाव
यांस सविनय नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. गेली तीन वर्षं धाकट्या भावाच्या दवाखान्याच्या फायली सांभाळते आहे आणि त्यातला प्रत्येक कागद समजून घेतल्याशिवाय पुढचा लावत नाही, एवढाच माझा या विषयातला अधिकार. भावाला आईची किडनी बसवली आहे. सकाळी आठ आणि रात्री आठ, टॅक्रोलिमस. सोबत मायकोफेनोलेट, आणि प्रेडनिसोलोनची बारकी गोळी. आईची किडनी त्याच्या शरीराने परकी म्हणून झिडकारू नये यासाठी त्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवायची असते. ती दाबली की जंतूंनाही दार उघडं सापडतं. हे ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं. त्या उघड्या दारातून नेमकं कोण आत आलं हे आमच्या तालुक्यात ओळखणार कसं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

ऑपरेशननंतरच्या पहिल्याच पावसाळ्यातली गोष्ट. थर्मामीटरवर १००.२. थंडी नाही, हुडहुडी नाही, नुसती अंगात कणकण आणि जेवणावरची वासना गेलेली. स्टेरॉइड घेणाऱ्याला ताप चढतोच असं नाही, म्हणून एवढ्याशा तापालाही भ्यायचं, हे आम्हाला माहीत होतं. जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथून लॅबमध्ये. तासाभराने लॅबमधल्या मुलाने चिठ्ठी हातात दिली. "बाई, टायफॉइड हाय. एकशेसाठ आलंय." टायफॉइडची विडाल टेस्ट, एकास एकशेसाठ, म्हणजे रक्त एकशेसाठ पट पातळ केलं तरी पॉझिटिव्ह. डेंग्यूची आयजीएम टेस्ट निगेटिव्ह. झालं, टायफॉइडची इंजेक्शनं सुरू. तीन दिवस गेले. ताप तसाच. चौथ्या दिवशी जिना चढताना तो मध्येच पायरीवर बसला आणि म्हणाला, "ताई, माझ्यात काही उरलं नाही गं."

बेळगावला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे रक्त मोजलं तर पांढऱ्या पेशी २,४०० पर्यंत घसरलेल्या. किडनीचं काम बिघडलं की वाढणारं क्रिएटिनिन १.३ चं १.९ झालेलं. वॉर्डातल्या कन्नड सिस्टर आईजवळ वाकून म्हणाल्या, "अक्का, ज्वर यावाग बंतु?" ताप कधी आला. आणि लगेच दुसरा प्रश्न, कुठल्या गोळ्या चालू आहेत आणि कुठली नुकतीच बंद झाली. चार दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारला. बंद झाली होती ती व्हॅल्गॅन्सिक्लोव्हिर. सायटोमेगॅलो नावाचा एक विषाणू, ज्याला डॉक्टर सीएमव्ही म्हणतात, आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून गप्प पडून असतो. प्रत्यारोपणानंतर तो उठू नये म्हणून काही महिने ही गोळी देतात. ती थांबली की पुढच्या काही आठवड्यांत, महिन्यांत तो उठण्याचा धोका डॉक्टरांना चांगला ओळखीचा आहे. सीएमव्हीची पीसीआर, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्यच शोधणारी टेस्ट, करायला रक्त बाहेरगावी पाठवावं लागलं. रिपोर्ट यायला आणखी चार दिवस. टायफॉइड नव्हताच. विषाणू होता, आणि त्याच्यावर आम्ही तीन दिवस जीवाणूंवरची इंजेक्शनं मारत होतो.

भाऊ वाचला. पंधरा दिवस गॅन्सिक्लोव्हिर शिरेतून दिलं. किडनी पूर्वीच्या जागी आली नाही, जवळपास आली.

आमच्या गल्लीतल्या काकूंचं तसं झालं नाही. त्यांच्या बाबतीत चूक नेमकी उलटी झाली. छातीच्या कॅन्सरसाठी केमो घेऊन दहा दिवस झाले होते. रात्री १०१ ताप. घरच्यांनी फोनवर विचारलं तर उत्तर मिळालं, व्हायरल चाललंय सगळीकडे, पॅरासिटामॉल द्या, सकाळी बघू. सकाळी रांग होती. रक्त दुपारी मोजलं, तेव्हा त्यांचा न्यूट्रोफिलचा, म्हणजे जीवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, आकडा जवळजवळ शून्य होता. संध्याकाळी बीपी लागेना. केमोनंतर न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असताना १०१ ताप एकदा जरी आला, किंवा १००.४ तासभर टिकला, तरी पहिलं अँटिबायोटिक एका तासाच्या आत शिरेतून गेलं पाहिजे, ही जगभर मान्य झालेली गोष्ट आहे. काकूंचे चौदा तास गेले.

भावाला जीवाणूंवरचं औषध दिलं तेव्हा विषाणू होता. काकूंना विषाणू म्हणून थांबवलं तेव्हा जीवाणू होते. या दोन घरांमध्ये पन्नास पावलांचं अंतर आहे, साहेब. हे पत्र त्या पन्नास पावलांतून आलं आहे.

आता मला जे कळलं ते मांडते. चुकत असेन तर आपल्या कार्यालयातल्या कुणीही दुरुस्त करावं.

आपल्या तालुक्यातल्या लॅबमध्ये तापासाठी ज्या झटपट टेस्ट होतात त्यातल्या बऱ्याचशा अँटिबॉडी शोधतात. विडाल ही १८९६ सालची पद्धत आहे आणि तीही अँटिबॉडीच शोधते. डेंग्यू आयजीएम, स्क्रब टायफसची आयजीएम, लेप्टोची आयजीएम, सगळ्या त्याच जातीच्या. अँटिबॉडी म्हणजे रोगाला पाहून आपल्या शरीराने दिलेलं उत्तर. धडधाकट माणसाच्या बाबतीतसुद्धा विडाल फसवते, कारण जुना टायफॉइड, लस, किंवा आपल्या भागात नकळत होऊन गेलेला संसर्ग, यातलं काहीही ती पॉझिटिव्ह करू शकतं. भावाचं एकशेसाठ त्यातलंच. पण ज्याची प्रतिकारशक्ती औषधाने दाबली आहे त्याच्या बाबतीत तर तिचं निगेटिव्हसुद्धा विश्वासाचं नाही. रोग अंगात असतो आणि शरीर उत्तरच देत नाही, कारण त्याला आम्हीच गोळ्या घालून झोपवलेलं असतं. झोपलेल्याला उठवून चोर कोण होता असं विचारायचं, आणि त्याने मान हलवली नाही म्हणून चोरी झालीच नाही असं म्हणायचं, असा हा प्रकार आहे.

याउलट काही टेस्ट शरीराला काही विचारत नाहीत, थेट जंतूचा किंवा विषाणूचाच तुकडा शोधतात. डेंग्यूची एनएस१ तशी आहे. मलेरियाची अँटिजेन पट्टी तशी आहे. मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचणाऱ्या क्रिप्टोकोकस नावाच्या बुरशीची एक पट्टी आहे, बोटाच्या टोकातल्या थेंबभर रक्तावर दहा मिनिटांत उत्तर देते. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांच्या सीडी४ या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या १०० च्या खाली असेल तर डोकं दुखायला लागायच्या आधीच ही तपासणी करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या जिल्ह्यात एचआयव्हीशी दोन दशकांहून जास्त काळ झगडलेली किती घरं आहेत हे आपल्या कार्यालयाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ती पट्टी तालुक्याच्या गावी का नसावी?

आणि पीसीआर. ती पाठवायला बेंगळूरु किंवा मुंबई गाठावी लागते ही समजूत कोविडने मोडली होती. २०२० मध्ये बेळगावच्या नेहरूनगरमधल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, संस्थेत, आपल्याच गावात, पीसीआर तपासण्या झाल्या. तालुक्यातालुक्यात ट्रूनॅटची छोटी यंत्रं आली. बॅटरीवर चालणारं, टेबलावर मावणारं, तासाभरात उत्तर देणारं हे यंत्र चोर्ला घाट उतरला की पलीकडे गोव्यात बनतं आणि त्याचं तंत्र बेंगळूरुमध्ये घडलं. टीबीसाठी त्याला २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचीही मान्यता मिळाली. डेंग्यू-मलेरियासारख्या तापांसाठीही त्याच्या चिप आहेत. यंत्र जिथे आहे तिथे थुंकीशिवाय दुसरं काही जात नसेल, तर ते अर्धंच वापरलं जातंय असं मी म्हणेन.

तिसरी जात आहे ती सगळ्यात नवी, आणि ती वाचली तेव्हा मी रात्रभर जागी राहिले. या टेस्ट जंतू शोधत नाहीत आणि अँटिबॉडीही शोधत नाहीत. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये त्या क्षणी कुठली जनुकं जागी आहेत ते वाचतात. विषाणू आला की पेशी इंटरफेरॉन या विषाणूविरोधी प्रथिनाच्या वाटेची जनुकं चालू करतात, जीवाणू आला की दुसरी. म्हणजे घरातल्या भांड्यांच्या आवाजावरून पाहुणा कोण आहे ते ओळखायचं. अमेरिकेत २०२५ च्या सुरुवातीला अशा एका टेस्टला परवानगी मिळाली. २९ जनुकं वाचून साधारण अर्ध्या तासात ती जीवाणू की विषाणू आणि आजार किती गंभीर होईल, दोन्हींचा अंदाज देते. त्याआधी २०२१ मध्ये तिथेच तीन प्रथिनं मोजणाऱ्या एका टेस्टला परवानगी मिळाली, ट्रेल, आयपी-१० आणि संसर्ग-सुजेत वाढणारी आपली ओळखीची सीआरपी, पंधरा मिनिटांत.

मग हीच मागा, असं कुणी म्हणेल. मी मागत नाही, आणि का मागत नाही ते नीट सांगते. या टेस्टसुद्धा शेवटी शरीराच्या उत्तरावरच चालतात. केमोनंतर पांढऱ्या पेशीच उरल्या नसतील तर वाचायचं काय? टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड घेणाऱ्याच्या पेशी तेच उत्तर त्याच आवाजात देतील का? अशा टेस्ट आधी धडधाकट माणसांवर उभ्या राहतात. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी आपली जनुकांची टेस्ट मुद्दाम प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांवर तपासली, तेव्हा ती उपयोगी दिसली, पण धडधाकट लोकांपेक्षा तिची अचूकता खाली आली. हे त्यांनी लपवलं नाही याबद्दल मला आदर आहे. ज्यांना या टेस्टची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्यावरच ती सगळ्यात कमी तपासली गेली आहे, हे माझं दुखणं आहे.

सीआरपी आणि जीवाणूंच्या संसर्गात रक्तात वाढणाऱ्या प्रोकॅल्सिटोनिनचंही थोडं असंच. सांधेदुखीसाठी टोसिलिझुमॅब घेणाऱ्या बाईची सीआरपी वर जातच नाही, कारण सीआरपी बनवायला यकृताला ज्याचा निरोप लागतो त्या इंटरल्यूकिन-६ चीच वाट ते औषध अडवतं. न्यूट्रोफिल फार कमी असताना प्रोकॅल्सिटोनिन कमी आलं म्हणून अँटिबायोटिक रोखता येत नाही. या टेस्ट करू नका असं नाही. कागदावरचा नॉर्मल आकडा वाचणाऱ्याला समोरचा माणूस काय गिळतो हे माहीत असायला हवं.

कुणी असंही म्हणतं की एवढी डोकेफोड कशाला, सगळ्यांना सगळं देऊन टाका. भावाच्या फायलीत याचं उत्तर आहे. क्लॅरिथ्रोमायसिन हे साध्या खोकल्याला मिळणारं औषध टॅक्रोलिमससोबत दिलं तर टॅक्रोलिमसची पातळी चढते आणि किडनीला इजा होते. बुरशीची बरीच औषधंही तेच करतात. टीबीचं रिफॅम्पिसिन उलट पातळी पाडतं आणि शरीर किडनीवर उठतं. आमच्या माणसांना अंदाजाने दिलेली कुठलीच गोळी फुकटात पडत नाही.

तर मागणं काय आहे.

सगळ्यात आधी, नवं काहीच नको. तालुका रुग्णालयात रात्री दोन वाजतासुद्धा पांढऱ्या पेशी आणि न्यूट्रोफिलचा आकडा तासाच्या आत मिळावा. तो आकडा कमी असेल किंवा केमोचा रुग्ण असेल तर पहिला डोस तिथेच जावा. बेळगावला पाठवताना अॅम्ब्युलन्समध्ये रिकाम्या शिरेने पाठवू नये. आणि त्या डोसआधी ब्लड कल्चरच्या बाटल्या भराव्यात. मोठ्या माणसाच्या रक्तात जंतू असले तरी एका मिलिलिटरमध्ये एखादाच, कधी तोही नाही, इतके विरळ असतात. म्हणून एका बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त लागतं आणि दोन हातांतून दोन वेळा घ्यावं लागतं. भावाच्या वेळी एकच बाटली भरली, तीही इंजेक्शनं सुरू झाल्यावर, आणि तीन मिलिलिटरची. ती बाटली मी स्वतः बेळगावला नेली. लॅबमधल्या मुलाने प्रेमाने ती थर्मासात बर्फाच्या पिशवीखाली ठेवून दिली होती, लघवीच्या नमुन्यासोबत. मीही जपून मांडीवर धरून बसले, बर्फ वितळू नये म्हणून. बेळगावच्या लॅबमधल्या बाईंनी झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. कल्चरची बाटली थंड करायची नसते, ती साध्या हवेत न्यायची. हे लॅबमधल्या त्या मुलाला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्याची चूक मी धरत नाही. एका दुपारचं प्रशिक्षण आणि दारावर चिकटवलेला एक कागद, एवढ्याने हे सुधारतं.

त्या बाटल्या बेळगावला पोहोचवणारी गाडी रोज असावी. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात रस्त्याचं काय होतं ते आपण जाणता. शेताला गेलेल्या आणि जंगलाच्या कडेने राहणाऱ्या माणसांना गोचिडींचे ताप होतात तेही तिकडेच. माकडताप १९५७ साली शिवमोग्यात सापडला आणि २०१६ मध्ये घाटाखाली दोडामार्गात उठला, म्हणजे आपण मधोमध आहोत. तिकडचा एखादा माणूस त्यात मेथोट्रेक्सेटसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेत असेल तर त्याचा नमुना दोन दिवस कपाटात पडून चालणार नाही.

दुसरं, कार्ड. कन्नड आणि मराठी, दोन्हींत, खिशात मावणारं. "ही व्यक्ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेते. ताप आल्यास तातडीने तपासा. अँटिबॉडी टेस्टवर विसंबू नका." खाली औषधांची नावं आणि प्रत्यारोपण किंवा केमोची तारीख. आपला भाग सीमेवरचा आहे. निपाणीचा माणूस कोल्हापुरात केमो घेतो, अथणीचा मिरजेत, खानापूरचा गोव्यात किंवा बेंगळूरुत. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपली जनआरोग्य योजना ८६५ सीमावर्ती गावांना लागू केली तेव्हा त्यावरून दोन्हीकडे बरंच बोललं गेलं. त्या वादात मला इथे पडायचं नाही. माझं म्हणणं एवढंच की उपचार एका राज्यात आणि ताप दुसऱ्या राज्यात, असं रोज घडतं आहे, आणि ताप रात्रीचा येतो. तेव्हा दारातल्या डॉक्टरांना मिरजेच्या फायलीतली बारीक अक्षरं वाचायला वेळ नसतो. माझी आई कन्नड समजते, वाचू शकत नाही. सिस्टरना मराठी समजतं, वाचता येत नाही. दोन्ही लिप्या त्या कार्डावर हव्यात.

आणखी एक वर्ग आहे ज्याच्याकडे कार्ड कधीच नसेल, कारण आपली प्रतिकारशक्ती दाबली गेली आहे हे त्यालाच माहीत नाही. गुडघेदुखीसाठी आठवड्याच्या बाजारात कागदाच्या पुडीत गोळ्या मिळतात. दोन दिवसांत आराम पडतो, तोंड गोल होतं, आणि सगळे म्हणतात तब्येत सुधारली. त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने आपल्याला दाखवलं की साखर आणि स्टेरॉइड एकत्र आले की काय होतं. ताप घेऊन आलेल्या प्रत्येक साठीच्या माणसाला "पुडीच्या गोळ्या खाता का" हा एक प्रश्न केसपेपरवर छापून टाकावा.

तिसरं, संशोधन. या जिल्ह्यात आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. जेएनएमसी हे दुसरं वैद्यकीय महाविद्यालय आहे, ज्याने आई आणि बाळांच्या आरोग्यावरच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासांत वर्षानुवर्षं आपल्या खेड्यांतल्या बायकांना बरोबर घेऊन काम केलं आहे. म्हणजे अभ्यास कसा करायचा हे इथे येतं. मग जनुकं वाचणाऱ्या, प्रथिनं मोजणाऱ्या या नव्या टेस्ट आमच्यासारख्यांवर, किडनी बसवलेल्यांवर, केमोवाल्यांवर, एचआयव्हीसह जगणाऱ्यांवर इथेच तपासून पाहाव्यात. आपल्या तापांवर, म्हणजे डेंग्यू, स्क्रब, लेप्टो, टीबी, ज्यांचे रुग्ण परदेशी अभ्यासांत क्वचितच असतात. त्या टेस्ट आमच्यावर चालत नाहीत असं निघालं तर तेही आम्हाला हवं आहे. भाऊ म्हणतो, माझं रक्त घ्या, दर महिन्याला तसंही काढतातच.

मी आपल्याला भेटायला येऊ इच्छिते. सोबत भावाची फाईल, ती विडालची चिठ्ठी, आणि आमच्या भागातल्या प्रत्यारोपण झालेल्या पाच जणांनी आपापल्या तापांच्या तारखा लिहिलेली एक वही आणेन. दुपारी शाळा सुटल्यावर चारनंतर किंवा शनिवारी दुपारी, आपल्याला सोयीचं असेल तेव्हा. पावसाळा सुरू व्हायच्या आत भेट मिळाली तर फार बरं होईल, कारण भावाच्या ताप येण्याच्या तारखा बहुतेक जुलै-ऑगस्टमधल्याच आहेत.

आपली नम्र,
एक शिक्षिका, खानापूर तालुका